समुद्रावर जाताना चूल कुठे ठेवायची?

"ताई, तुमी समुद्र पाहून आल्या म्हनते. का असते जी तिथं?"

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. चिमूर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक संपत आली होती. विचारणारी बाई चाळिशीतली. तेंदूपत्त्याचा हंगाम नुकताच उरकला होता. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून बांधून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. मी मोठ्या उत्साहानं सांगायला लागले. पाणी खारं असतं, पलीकडचा काठ दिसतच नाही, लाट परत जाताना पायाखालची रेती ओढून नेते. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते झालं जी. पन तुमी का केल्या तिथं जाऊन?"

मला उत्तर देता येईना. कारण खरं उत्तर असं होतं की मी तिथं ओले कपडे वाळत घातले, मुलाचा ताप पाहिला, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर दिल्या, उद्याच्या नाश्त्याचं विचारून ठेवलं आणि सामानाजवळ बसले. पाच दिवसांत मी समुद्रात होते ती जेमतेम पंधरा मिनिटं. आणि त्या पंधरा मिनिटांचीही एक गोष्ट आहे, ती पुढे सांगते.

मैत्रिणींनो, मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, बायकांच्या श्रमांवर शिबिरं घेणारी बाई. फळ्यावर घड्याळ काढून "सकाळी चारला कोण उठतं? रात्री शेवटी कोण झोपतं?" हे विचारणारी. आणि माझ्याच सहलीचा हिशेब मला तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईनं करायला लावला.

समुद्रावर जायचं हे आमच्या घरात जानेवारीत ठरलं. "ठरलं" म्हणजे काय झालं? नवरा एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, "या उन्हाळ्यात मुलांना समुद्र दाखवू." मुलांनी उड्या मारल्या. त्याचं नियोजन तिथं संपलं आणि माझं सुरू झालं. चिमूरहून कोकण म्हणजे हजाराच्या आसपास किलोमीटर. भिसी-उमरेडवरून एसटीनं नागपूर, तिथून आठवड्यातून दोनदा सुटणारी मडगावची विशेष गाडी, जवळजवळ चोवीस तासांनी कुडाळ, मग मालवण, तारकर्ली. या प्रवासाची तारीख कशी निघाली ते पाहा. आधी नवऱ्याची रजा. मग मुलांच्या परीक्षा. मग त्याच्या मावसभावाचं लग्न. मग गाडीचा वार. मग माझी रजा, ती माझी मीच "ॲडजस्ट" करायची. आणि या सगळ्यात शेवटी, कुणाला न सांगता, माझी पाळी.

पाळी नेमकी त्याच आठवड्यात येत होती. तारीख बदलू या, असं म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही. मैत्रिणीनं सांगितलं, "गोळी घे ना, सगळ्याच घेतात." पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक. अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून ती घेतात. देवदर्शनाला, लग्नाला आणि आता सहलीला बायका ती सर्रास औषधाच्या दुकानातून परस्पर आणतात. जिला रक्ताच्या गाठींचा त्रास झालेला आहे, यकृताचं दुखणं आहे, तिनं ही गोळी घेणं धोक्याचं असतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीच घेऊ नये, हे मी गावोगाव सांगते. आणि तरी मी ती घेतली. आम्ही शिबिरात म्हणतो, माझ्या शरीरावर माझा हक्क. माझ्या शरीरानं रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालावं असं मीच ठरवलं होतं, आणि त्याला मी नियोजन म्हणत होते.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चिवडा, शंकरपाळे. तापाचं औषध, मीठसाखरेच्या पुड्या, टोप्या, टॉवेल, प्लास्टिकच्या पिशव्या, मुलाची ती एक विशिष्ट चादर जिच्याशिवाय तो झोपत नाही. मागे घरी दूधवाल्याला सांगणं, तुळशीला पाणी घालायला शेजारणीला किल्ली देणं, आल्या आल्या खिचडी टाकता यावी म्हणून डाळ-तांदूळ वर काढून ठेवणं. हेच काम मी संस्थेत तीस माणसांच्या शिबिरासाठी करते तेव्हा मला समन्वयक म्हणतात आणि महिन्याच्या शेवटी पैसे देतात. घरी केलं की "तिला हौस आहे फार" असं म्हणतात.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०२४ मध्ये देशभर माणसांच्या वेळेची पाहणी केली. घरातल्या बिनपगारी कामाला बाया दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं. ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची आहे. जे पुरुष ताटसुद्धा उचलत नाहीत ते या हिशेबात आलेलेच नाहीत. मुलांना, म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना सांभाळणं यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजलंय. आणि जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत भाजी चिरता चिरता डोक्यात चाललेलं ते गाडी-तिकीट-औषध-पाळी कुठल्या रकान्यात बसणार? हात भाजीत होते, तेव्हा सर्वेक्षणात भाजीच धरली जाणार.

माझा नवरा वाईट माणूस नाही. (हे वाक्य आपण बायका फार वेळा उच्चारतो. उच्चारावं लागतं, म्हणून उच्चारतो.) चळवळीच्या भाषेत तो माझा साथीदार आहे. गाडीत त्यानं मुलाला मांडीवर झोपवलं, स्टेशनवर पाणी भरून आणलं. पण परतल्यावर त्याच्या कचेरीत तो काय म्हणाला, ते त्याच्याच एका सहकाऱ्याकडून कळलं. "बायकापोरांना समुद्र दाखवून आणला." मराठी भाषाच बघा. पुरुष फिरायला जातो. बाईला फिरवून आणतात. आपण कर्मच राहतो, आणि वर उपकाराखाली. त्यातही "बायकापोरं" असा एकच गठ्ठा. त्या गठ्ठ्यातली एक व्यक्ती दुसऱ्या दोन व्यक्तींची दिवसरात्र चाकरी करत असते, हे त्या शब्दात कुठेच दिसत नाही.

आता किनाऱ्यावरचं सांगते.

समुद्र आमच्या इकडच्या मामा तलावासारखा नाही. ओहोटी लागली की तो माणसाला आत ओढतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ती बातमी माझ्या डोक्यातून जात नव्हती. म्हणून रोज सकाळी भरती-ओहोटीच्या वेळा मी तिथल्या मच्छीमारांना विचारून घेत होते आणि मुलं पाण्यात असली की डोळ्याची पापणी मिटत नव्हते. हे करायलाच हवं. मुलांना घेऊन समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकानं करायला हवं. पण पोहता येणारा बाप कमरेइतक्या पाण्यात लाटांची मजा घेतो आणि पोहता न येणारी आई काठावरून राखण करते, ही वाटणी कुणी केली? मूल खरंच ओढलं गेलं तर मी काय करणार होते? ओरडणार होते, एवढंच.

मला पोहता येत नाही. आमच्या गावच्या तळ्यात माझे भाऊ उन्हाळाभर डुंबायचे. मीही डुंबायचे, नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत. मग एक दिवस आईनं सांगितलं, पुरे झालं आता. पोहणं शिकायच्या वयातच आपलं पाणी बंद होतं. मग मोठेपणी समुद्रावर जायचं ते सहावारी साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये. ओले कपडे अंगाला चिकटतात आणि वाळूवरच्या पन्नास नजरा कपड्यांना चिकटतात. कपडे बदलायला आडोसा नाही. स्वच्छतागृह असलंच तर त्याला कडी नाही, कडी असली तर पाणी नाही. म्हणून पाणीच कमी प्यायचं. समुद्राकाठी उन्हात, पाणी कमी पिऊन बसलेल्या कितीतरी बाया मी पाहिल्या, सामान मध्ये, त्या कडेनं. पर्यटनविकासाच्या जाहिरातीत मात्र एक बाई केस मोकळे सोडून लाटांकडे धावत असते. तिचं सामान कुणाजवळ ठेवलेलं असतं कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, जायचंच. सासूबाईंना सांगितलं, पदर खोचला, चपला काढल्या आणि शिरले पाण्यात. पहिल्या लाटेला किंचाळले. दुसऱ्या लाटेला हसले. किती तरी वर्षांनी मी अशी मोठ्यानं, तोंडावर हात न धरता हसले असेन. नवऱ्यानं हात धरला होता. मुलगा, वय सात, माझ्या अंगावर पाणी उडवत होता. मग मी मागे वळून पाहिलं.

माझी मुलगी, वय अकरा, पाण्याबाहेर आली होती आणि सामानाजवळ बसली होती.

कुणी तिला ओरडलं नव्हतं. सासूबाईंना उन्हाचं झेपेना म्हणून त्या खोलीवर गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आई पाण्यात आहे तोवर तू बस गं पिशव्यांपाशी." मुलाला कुणी म्हटलं नाही. तो लहान आहे म्हणून? चार वर्षांनी तो अकराचा होईल तेव्हा म्हणतील? ती बसली होती तशीच, जशी मी बसत होते. गुडघे जवळ घेऊन, एक हात पिशवीच्या बंदावर, आणि नजर भावावर. तिला कुणी हे शिकवलं नाही. तिनं दोन दिवस पाहिलं होतं.

मी बाहेर आले. ती पाण्यात गेली. हीच ती माझी पंधरा मिनिटं.

त्या रात्री झोप लागली नाही. मी उठले तर बाई बसते, आणि ती बाई अकरा वर्षांची आहे. आपल्याकडे बाईची विश्रांती ही अशी आहे. काम नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या बाईच्या अंगावर जातं. आपलं जुनं माहेरपणच घ्या. लेक माहेरी येते, चार दिवस आयतं जेवते, आपण त्यावर ओव्या गातो. त्या चार दिवसांत चुलीपुढे कोण असतं? आई, आणि आईचं वय झालं की भावजय. भावजयीला तिच्या माहेरी जायचं तर तिकडे तिची भावजय. बापानं, भावानं, नवऱ्यानं रांधलं म्हणून एखादी बाई विसावली, असं माहेरपण मी तरी पाहिलेलं नाही.

तारकर्लीला आम्ही एका घरगुती निवासात उतरलो होतो. घरातल्या वहिनी पहाटे साडेचारला उठायच्या. घावणे, चटणी, उकड्या तांदळाची पेज, दुपारी माशाची जेवणं, सोलकढी, रात्री पुन्हा तेच. तीन खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या. "मे महिन्यात पाय दुखतात की नाही हेसुद्धा कळत नाही," असं त्या सहज म्हणाल्या. त्यांची मुलं सुट्टीत घरीच, म्हणजे पाहुण्यांना पाणी नेऊन देत होती. घर समुद्रापासून दोनशे पावलांवर. मी विचारलं, तुम्ही शेवटच्या कधी गेलात पाण्यात? त्या हसल्या. म्हणाल्या, "आमका खंय वेळ?" पाटीवर मालक म्हणून त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं. मी सुट्टीवर होते ती त्यांच्या जिवावर. आणि माझा स्वयंपाक सुटला म्हणून नवरा मला म्हणत होता, "बघ, तुला आरामच आराम आहे इथं."

आमच्याकडेही हेच चाललंय, फक्त समुद्राच्या जागी वाघ आहे. ताडोब्याचं कोलारा गेट आमच्या चिमूर तालुक्यात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो, म्हणून मुंबई-पुण्याची कुटुंबं याच दिवसांत मुलांना घेऊन येतात. त्यांच्या चादरी धुणाऱ्या, भांडी घासणाऱ्या आजूबाजूच्या गावच्या बाया. काही जणी आता गाईड झाल्या आहेत, त्याचा मला आनंद आहे. पण त्याच मे महिन्यात त्याच वाघाच्या जंगलात बाकीच्या बाया तेंदूपत्ता तोडायला जातात, उघड्या जिपमधून नव्हे, पायी. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात पत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. एकाच्या सुट्टीचं जंगल हे दुसरीचं कामाचं ठिकाण असतं, आणि तिथं तिला ना विमा आधी मिळतो, ना रजा.

आता मला आपल्याच लोकांशी भांडायचं आहे.

हे सगळं मी आमच्या जिल्हा बैठकीत मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, "अगं, बायकांना प्यायला पाणी नाही, आणि तू समुद्राच्या पाण्याचं काय घेऊन बसलीस? हे मध्यमवर्गाचे चोचले." बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मला त्या बाईंबद्दल आदर आहे. दारूबंदीच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. पण त्यांचं हे म्हणणं मला साफ नामंजूर आहे.

सुट्टी ही चैन आहे असं प्रथम कोण म्हणालं? गिरणीमालक म्हणाले. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी ती मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० च्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन कामगार बायांनी भाषणं केली, आणि त्याच वर्षी १० जूनला मालकांना रविवारची सुट्टी कबूल करावी लागली. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणी संपावर गेल्या. आजारपणात घरी राहिलेल्या एका बाईला कामावरून काढलं, त्यावरून ठिणगी पडली होती. त्यांनी पगारवाढ मागितली आणि पगारी सुट्टीही मागितली. या काय मध्यमवर्गीय होत्या? आपल्या राज्यघटनेच्या ४३ व्या कलमात कामगारांना निर्वाहापुरतं वेतन मिळावं एवढंच म्हटलेलं नाही. फुरसतीचा पुरेपूर उपभोग घेता यावा असंही म्हटलं आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, कोर्टात जाऊन मागता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपण ते मोर्चातसुद्धा कधी मागितलं नाही.

आपल्या मागण्यांची पत्रकं काढून बघा. हिंसा, दारू, जमीन, मजुरी, रेशन, पेन्शन. सगळं खरं, सगळं निकडीचं. विश्रांती कुठे आहे? अंगणवाडीच्या बाया ४ डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस संपावर होत्या. त्यांना अजून कामगार म्हणत नाहीत, त्यांच्या पगाराला मानधन म्हणतात. आशाताईंचंही तेच. जिथं नोकरीच मानली जात नाही तिथं रजेचा हक्क कुठून येणार? घरेलू कामगारांसाठी २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आठवड्याच्या पगारी सुट्टीची सक्ती त्यात नाही. आणि सरकारी नोकराला? रजा आहे, वर रजा प्रवास सवलतही आहे. म्हणजे फिरणं ही माणसाची गरज आहे हे सरकारला कळतं. फक्त ती गरज कुणाला असते, याची सरकारची यादी फार छोटी आहे.

आणि आपल्या संस्था? माझ्या ओळखीच्या अनेक कार्यकर्त्या वर्षानुवर्षं रजा घेत नाहीत. घेतली तर फोन चालू ठेवून. थकलेल्या कार्यकर्तीला आपण निष्ठावान म्हणतो. हे आपण कुणाकडून शिकलो? घरातली आदर्श सून अशीच असते.

बाईनं नुसतं, काही कारण नसताना, मजेसाठी कुठे जावं हे आपल्यालाही अजून पचत नाही, असं माझं म्हणणं आहे. बाई घराबाहेर पडते ती लग्नाला, मयताला, बाळंतपणाला, दवाखान्याला, मार्कंड्याच्या जत्रेला किंवा चिमूरच्या घोडायात्रेला. आपल्या चळवळीनं त्यात भर घातली ती मोर्चा आणि प्रशिक्षण यांची. प्रत्येक वेळी कारण लागतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं तेव्हा आमच्या स्टँडवरचे पुरुष कुचकट हसत म्हणायचे, "आता बाया नुसत्या फिरून रायल्या." फिरू द्या ना! तुम्ही पानठेल्यावर उभे राहून काय करता?

या गुन्ह्यात मीही आहे. त्या जूनच्या बैठकीनंतर गटातल्या चौदा जणींनी ठरवलं, आपणही समुद्र पाहायचा, पोरांना घेऊन. मी लगेच म्हणाले, "अभ्यास दौरा म्हणू या, म्हणजे कुठून तरी निधी मिळेल." ती चिरा पडलेल्या बोटांची बाई म्हणाली, "अभ्यास नाही करत जी. पाय भिजवतो." बायांनी स्वतःच दर महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकायला सुरुवात केली. आज प्रत्येकीचे साडेतीन हजार जमले आहेत.

या नियोजनात मी जे शिकले ते पदव्युत्तर वर्गात कुणी शिकवलं नाही. मी मे महिना धरून चालले होते, कारण मुलांना सुट्टी. बाया हसल्या. मार्च-एप्रिलमध्ये मोह, मे महिन्यात तेंदू, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुट्टीत धानाची कापणी. शाळेच्या सुट्ट्या नेमक्या त्यांच्या कमाईच्या दिवसांत येतात, आणि म्हणून त्या सुट्टीत घरातली मोठी पोरगी घर सांभाळते. मे महिन्याची सुट्टी ही पगारदारांची सुट्टी आहे. हे इतकं साधं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. फेब्रुवारीत यातल्या सहा जणी तेलंगणात मिरची तोडायला जातात. राहता राहिले संक्रांतीनंतरचे थोडे दिवस. ठरलं तर मग, जानेवारी.

मी कोकणच्या गाडीचं सांगू लागले. मिरचीला जाणाऱ्यांपैकी एक म्हणाली, "खम्ममच्या पुढं विजयवाडा हाय, थितून समुद्र जवळच हाय म्हनतात." नकाशा पसरला. खरंच की! बल्लारशाहून रात्री बसलं की सकाळी विजयवाडा, पुढे चेन्नईच्या मार्गावर बापटला, आणि तिथून सूर्यलंकेचा किनारा नऊ-दहा किलोमीटरवर. आमचा समुद्र पूर्वेला आहे. आम्ही मराठी माणसं समुद्र म्हटला की डोळे मिटून कोकणाकडे तोंड करतो, आणि मी तर दोन मुलं न् सासूबाईंना घेऊन चोवीस तास उलट्या दिशेनं गेले होते. या बाया मजुरीसाठी दरवर्षी त्याच वाटेनं अर्ध्याहून जास्त जातात. पुढचं तिकीट काढायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण पुढे काम नव्हतं.

नवऱ्यांची बैठक घ्यावी लागली. पहिला प्रश्न अपेक्षित होता तोच, चार दिवस भाकरी कोण थापणार? एकानं मोठेपणानं सांगितलं की त्याची बहीण येऊन राहील. आम्ही नाही म्हटलं. बहीण नाही, म्हातारी आई नाही, मोठी पोरगी तर नाहीच. दोन नवऱ्यांनी भात येतो म्हणून सांगितलं. एक उठून गेला. त्याची बायको अजून यादीत आहे, पण पैसे तिनं माझ्याकडे ठेवायला दिले आहेत, घरी नाही. तिच्या बाबतीत काय होईल मला सांगता येत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या चार दिवसांच्या गैरहजेरीबद्दल मुख्याध्यापकांशी बोलणं चालू आहे. पाळीबद्दलही गटात उघड बोललो. गोळी कुणीच घ्यायची नाही. जिची आली ती कपडा बरोबर घेईल आणि वाटलं तर पाण्यात जाईल, नाही वाटलं तर बसेल.

किनाऱ्यावर सामानाजवळ कुणी बसायचं आणि पोरांवर नजर कुणी ठेवायची याच्या पाळ्या लावल्या आहेत, दोन-दोन तासांच्या, दोघीदोघींच्या. माझी पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते नऊ. माझी मुलगी बरोबर येणार आहे. तिचं नाव त्या यादीत नाही.